यजमान निवडताना

'होस्ट' म्हणजे काय गं, मी विचारलं.
खालच्या मजल्यावरची अनुपमा, नववीतली, मल्याळी,
मोडक्या हिंदीत म्हणाली,
जो तुम्हाला आपल्या घरात ठेवून घेतो, तो.
म्हणजे यजमान!
मला हसूच आलं. आमचे यजमान
फहूदच्या तेलाच्या विहिरींवर,
चौदा दिवस तिकडे, चौदा इकडे,
आणि मी रुवीत, तिसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली बादली लावून
दुसरा शोधत बसलेय.

तीन निघाले.
पहिला फुकट, पण प्रत्येक पानाखाली
केसगळतीच्या तेलाची जाहिरात.
दुसरा महिनाभरच फुकट, मग कार्ड मागतो.
कार्ड ह्यांचं, ओटीपी ह्यांच्या फोनवर,
आणि ड्यूटीभर फोन लॉकरमध्ये.
तिसरा म्हणे कायमचाच फुकट,
फक्त दारावरची पाटी त्याची:
आधी माझं नाव, मग टिंब, मग तो.

हे मला लगेच समजलं.
लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही बेडस्पेसमध्ये काढलं.
पाटी डिकुन्हाची, पत्रं डिकुन्हाच्या नावे,
मध्ये फुलाफुलांचा पडदा,
पलीकडे मंगळूरचे दोन भाऊ, घोरणारे,
गॅस आमचा सात ते पावणेआठ.
त्या पडद्याच्या अलीकडे, गादीवर कागद पसरून
मी पहिला ब्लाऊज बेतला.
फुकट आणि स्वस्त म्हणजे काय
ते मला नका सांगू.

तिसरा घेतला.
'सुलक्षणा' आधीच कुणीतरी नेलेलं.
'सुलक्षणा१' सुद्धा.
'बेतणी' मोकळं होतं.
इंग्रजी अक्षरांत अनुपमा ते 'बेटनी' वाचते. वाचू दे.

घर मिळालं ते सामानासकट:
एक गोरी बाई, हातात कॉफी, हसतेय,
खाली चार ओळी लॅटिन.
लॅटिन पुसलं. बाई निघेना.
दोन संध्याकाळी माझ्याच घरात माझ्याकडे बघून हसली.
तिसऱ्या दिवशी तिच्या जागी लावला
कटोरी ब्लाऊजचा कागद,
अरबी वर्तमानपत्रावर कापलेला,
छाती चौतीस, मुंढा पावणेसात,
काखेपाशी कुणा फुटबॉलपटूचा अर्धा चेहरा.

मग आला रकाना: तुमच्याविषयी सांगा.

माझ्या कार्डावर लिहिलंय, कुटुंबासोबत.
त्याखाली, काम करण्यास परवानगी नाही.
रेघ लुकलुकत राहिली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
शेवटी लिहिलं:
इथे ब्लाऊजची बेतणी मराठीत समजावली आहे.
ज्याला हवी त्याने घ्यावी.
किमतीचा रकाना काढून टाकला, फोन नंबरचाही.
रात्री पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं,
'मी' कुठेच आलेली नाही.

अटी अनुपमाने वाचून दाखवल्या.
नव्वद दिवस कोणी फिरकलं नाही तर पान बंद.
तिला वाटलं मी घाबरेन.
अगं, हेही ओळखीचंच.
एकशे ऐंशी दिवस बाहेर राहिलं की
इथला आपला व्हिसा मरतो.
बाबांच्या आजारपणात
मी एकशे एकाहत्तराव्या दिवशी विमानात बसले.
ते एकशे ऐंशीव्याला गेले.

म्हणून रोज दुपारी, भांडी झाली की,
मीच एकदा जाऊन येते.
दार उघडतं, आकडा दिसतो: एक.
ती मी.

काल दोन होता.
अनुपमा म्हणाली, मी नाही, माझी परीक्षा आहे.
ह्यांचा फोन लॉकरमध्ये, अजून पाच दिवस.
कोणीतरी येऊन गेलं. कागद पाहिला असेल,
फुटबॉलपटूही पाहिला असेल,
काही न बोलता गेलं.

बाहीचं पान अजून रिकामंच आहे.
मशीनवरचं कापड उचललं,
वर्तमानपत्र पसरलं.